पोलो जीटी टीएसआय: खऱ्या अ‍ॅव्हरेजचा शोध (प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५)

५ ऑक्टोबर २०२५: गाडी आणि मोजायची पद्धत

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०२१ची, चाकणला बनलेली. ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. टाकी ४५ लिटरची. सेकंडहँड घेतलेली, ५८,००० किमी झालेले. मूळ टायर १९५/५५ आर१६ मापाचे. आधीच्या मालकाने २०५/५५ आर१६ चढवलेले.

एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी घेणारी संस्था) आकडा लिटरला १६.४७ किमी. तो प्रयोगशाळेत रोलरवर काढतात, त्यामुळे रस्त्यावर तेवढा मिळणार नाही हे धरूनच चालायचं. पण सध्या मिळतंय ते शहरात दहा आणि हायवेला साडेपंधरा, म्हणजे फारच कमी. ही तूट नेमकी कुठे जाते, ते एकेक कारण वेगळं करून पाहायचं आहे.

पद्धत टाकी फुल ते टाकी फुल. तोच पंप, तोच नोझल, पहिला ऑटो कट-ऑफ झाला की थांबायचं. पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करू का’ विचारतो, त्याला नाही म्हणायचं. कट-ऑफनंतर कोंबलेलं पेट्रोल मोजणी तर बिघडवतंच, शिवाय वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरून तोही खराब करतं. कट-ऑफमध्ये अर्धा ते एक लिटर मागेपुढे होतोच. म्हणून ३० लिटरच्या आत भरलेल्या टाकीवरून अ‍ॅव्हरेज काढायचं नाही. दहा लिटर भरून काढलेला आकडा निव्वळ अंदाज असतो.

पहिली टाकी, पूर्ण शहरातली, छत्रपती संभाजीनगरच्या सिडको ते वाळूज एमआयडीसी ये-जा: ओडोमीटरवर ३३१ किमी, पेट्रोल ३२.१ लिटर. म्हणजे १०.३. डॅशबोर्डवरची एमआयडी (अ‍ॅव्हरेज वगैरे दाखवणारी छोटी स्क्रीन) मात्र ११.३ दाखवत होती.

११ ऑक्टोबर: ओडोमीटर तपासला

टायर बदललेल्या गाडीत सगळ्यात आधी हे करायचं. मूळ टायरचा व्यास ६२१ मिमी, आत्ताच्याचा ६३२. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्याच हिशेबाने मोजतो. समृद्धी महामार्गावर किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिलं: ४० किमीला ओडोमीटर ३९.३. म्हणजे सुमारे १.८ टक्के कमी.

त्यामुळे शहराचा खरा आकडा १०.५. इथून पुढचे सगळे आकडे दुरुस्त केलेले आहेत. एमआयडीचा आकडा ०.९३ने गुणला की या गाडीत पंपाच्या हिशेबाशी जुळतो. हा गुणक प्रत्येक गाडीचा वेगळा, तो स्वतः काढावा लागतो. तो एकदा हातात आला की छोट्या चाचण्यांसाठी एमआयडी चांगली कामाला येते, कारण तिची चूक दरवेळी जवळपास सारखीच असते.

स्पीडोमीटरही तपासला. जीपीएसवर १०० असताना काटा १०३वर.

१२ ऑक्टोबर: हायवेचा पाया

समृद्धीवर सावंगी इंटरचेंज ते जालना आणि परत. क्रूझ कंट्रोल, एसी २४वर, गाडीत दोघे. ८०च्या वेगाला १८.१, १००ला १५.७. दोन्ही आकडे जाऊन-येऊन एकत्र काढलेले. एकाच बाजूचा आकडा धरला तर जालन्याकडचा उतार गाडीच्या नावावर जमा होतो.

सरासरी काढतानाही सांभाळायचं. जातानाचं आणि येतानाचं अ‍ॅव्हरेज मिळवून दोनने भागायचं नाही. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.

१४ ऑक्टोबर: ओबीडी लावून पाहिलं

ब्लूटूथवाला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवतो), २,४०० रुपये. कूलंटचं तापमान गाडी गरम झाल्यावर ९०च्या वर टिकतं, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक. फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या मापात करत असलेली दुरुस्ती) अधिक-उणे चार टक्क्यांच्या आत. मिसफायर नाही. त्यामुळे ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी ही गॅरेजवाल्यांची नेहमीची यादी बाजूला ठेवली. इंजिन मापातच पेट्रोल पितंय. ते वाया कुठे जातंय ते इंजिनाबाहेर शोधायला हवं.

१९ ऑक्टोबर: गाडी सोडून दिल्यावर किती घरंगळते

ही चाचणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. रविवारी सकाळी शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीतले रुंद, सपाट रस्ते रिकामे असतात. ६५पर्यंत वेग घ्यायचा, न्यूट्रल टाकायचं, ६० ते २० यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दोन्ही दिशांनी, म्हणजे वारा आणि उतार कटतो. मागेपुढे कुणी नसेल तरच.

आले ४७ सेकंद. साधारण साडेबाराशे किलो वजन धरून हिशेब केला तर गाडीला मागे ओढणारं बल सरासरी ३०० न्यूटन निघतं. या वेगाला, या वजनाच्या गाडीला ते २२०-२४० असायला हवं. काहीतरी घासतंय.

त्याच दिवशी वीस किलोमीटर हायवेने जाऊन, शक्यतो ब्रेक न लावता थांबून, इन्फ्रारेड थर्मामीटरने (१,१०० रुपये) चारही चाकं पाहिली. पुढची डावी डिस्क ६८ अंश, पुढची उजवी १४१. मागचे ड्रम दोन्ही सारखे, कोमट.

२५ ऑक्टोबर: उजवा ब्रेक उघडला

दिवाळीच्या आठवड्यात सुटं सामान मिळायला उशीर झाला, म्हणून आज.

हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना अडण लावून, दाराखालच्या कडेला (सिल) ठरलेल्या जागी जॅक. जॅक लावल्यावर स्टँड ठेवल्याशिवाय हात आत घालायचा नाही. चाकाचे पाच बोल्ट १७च्या सॉकेटने. चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यातच अडकत होतं. डावं मात्र हलक्या ढकलण्याने दोन फेरे घेत होतं.

कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गाइड पिन, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या, ७ मिमीच्या अ‍ॅलन कीने निघतात, प्लास्टिकच्या टोप्या काढल्यावर. वरची पिन सहज आली. खालची फिरवायलाच जोर लागला, आणि बाहेर आली ती करड्या, सुकलेल्या लेपाने माखलेली. रबर बुश एका बाजूने चिरलेलं, आतून फुगलेलं. आधी कुणीतरी साधं बेअरिंगचं ग्रीस भरलेलं होतं. पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगतं, पिन आवळते, कॅलिपर सरकायचा थांबतो. मग ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, आवाजही येत नव्हता. पॅड काढून शेजारी ठेवले तेव्हा आतला बाहेरच्यापेक्षा स्पष्ट पातळ दिसला. उघडून पाहिल्याशिवाय हे कळलंच नसतं.

काय केलं: नवीन गाइड बुशचा संच दोन्ही बाजूंना, पिन बारीक सँडपेपरने नव्हे तर ब्रेक क्लीनर आणि फडक्याने साफ (पिनवर ओरखडे पडले की पुन्हा अडकते), सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. कॅरिअरमध्ये पॅड जिथे बसतो तिथला गंज तारेच्या ब्रशने खरवडला. तिथे गंजाचा थर फुगला तरी पॅड अडकतो. कॅलिपर होजवर लोंबकळू दिला नाही, तारेने स्प्रिंगला बांधला. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डब्यावर नजर ठेवली, काठोकाठ भरला असेल तर बाहेर येतं आणि रंग खातं. चाकाचे बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. आणि निघण्याआधी ब्रेक पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो.

सामान ९५० रुपये, पॅडचा नवा संच ३,२००. दोन्ही बाजू मिळून अर्धा दिवस गेला, त्यातला बराचसा त्या एका पिनवर.

२६ ऑक्टोबर: पुन्हा ऑरिक, पुन्हा समृद्धी

६० ते २०: ५५ सेकंद. डिस्क ७० आणि ७४ अंश. ८०च्या वेगाला १९.६, म्हणजे दीड किलोमीटर लिटरमागे परत आले. इंजिनाला हातही न लावता.

२ नोव्हेंबर: हवा

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना स्वतःच्या गेजने: २७, २८, २६, २९ पीएसआय. आदल्याच आठवड्यात पंपावर ‘सगळीकडे ३२’ भरून घेतलेली. पंपाचं मशीन तीन पीएसआय जास्त दाखवतं, वर ती हवा गरम टायरमध्ये भरलेली. ७०० रुपयांचा चांगला गेज घ्या, या सगळ्या कामात तो पहिल्यांदा वसूल होतो.

चारही ३३ केले, थंड असताना. समृद्धीच्या काँक्रीटवर अर्ध्या तासाने ते ३६-३७ दाखवतात. ते बरोबर आहे, गरम टायरमधून हवा काढायची नाही. ३८ भरून अ‍ॅव्हरेज आणखी वाढवायचा मोह होतो. भरू नका. मधला भाग लवकर झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते, आणि भरधाव वेगात तापलेल्या काँक्रीटवर जास्त फुगलेला टायर घेऊन जाण्यात काहीच शहाणपण नाही. कमी हवा त्याहून वाईट: बाजूची भिंत सतत दुमडून तापते आणि टायर फुटतो.

६० ते २०: ५९ सेकंद. ८०ला २०.५.

अलाइनमेंटही करून घेतली, ६५० रुपये. पुढचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) बाहेर गेलेला, टायरच्या आतल्या कडा झिजायला लागलेल्या. अ‍ॅव्हरेजमध्ये मोजता येईल इतका फरक पडला नाही, टायर मात्र वाचतील.

टायर मूळ मापाचे करावेत का? पेट्रोलसाठी नाही. चार टायरचे जवळपास तीस हजार त्या फरकातून कधीच निघणार नाहीत. हे झिजले की १९५/५५ घ्यायचे.

९ नोव्हेंबर: वेग

आता गाडीच्या दुखण्यांचा भाग संपला, म्हणून वेगाची चाचणी नव्याने. समृद्धीवर १२०ची परवानगी आहे, त्यामुळे हे नियमात राहून करता येतं. जीपीएसवर मोजलेले वेग, एसी चालू:

८०ला २०.५
१००ला १७.४
१२०ला १४.१

१००ला जाताना १८.१ आणि येताना १६.८ आले, एवढा त्या उताराचा फरक.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १२०वर गेलं की वेग दीडपट, विरोध सव्वादोनपट. त्यात छोट्या टर्बो इंजिनाची एक वेगळी खोड आहे. ९० पर्यंत हे तीन सिलिंडरचं इंजिन जवळपास टर्बोशिवाय चालतं. १२०च्या पुढे, विशेषतः चढाला, ते सतत बूस्टवर (टर्बोने दाबलेल्या हवेवर) असतं. बूस्टवर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि फार भार आला तर तापमान आवरायला मिश्रणही गडद करतो, म्हणजे पेट्रोल जास्त सोडतो. म्हणून मोठ्या इंजिनाच्या गाडीपेक्षा या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज वेग वाढला की जास्त पडतं.

४५ किलोमीटरच्या अंतराला १००ऐवजी १२०ने गेलं तर साडेचार मिनिटं वाचतात आणि ०.६ लिटर पेट्रोल जास्त जातं. लिटरला १०५ धरले तर ६३ रुपये. टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास, तो दोन्हीकडे सारखाच. घाई असेल तर जरूर जा, गाडी त्यासाठीच घेतली आहे. पण मग १७ची अपेक्षा ठेवायची नाही.

१६ नोव्हेंबर: शहर, एसी आणि थांबून राहणं

शहराची तुलना करताना एमआयडीवरचा सरासरी वेग लिहून ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हे मला या सगळ्या नोंदींतलं सर्वांत उपयोगाचं वाटतं. दिवाळीच्या आठवड्यात जालना रोडवर सरासरी वेग १४ होता, अ‍ॅव्हरेज ९.१. त्याच रस्त्यावर एरवी सरासरी २१, अ‍ॅव्हरेज ११.२. गाडी तीच, चालवणारा तोच. ‘माझी पोलो शहरात १४ देते’ असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न: सरासरी वेग किती?

एमआयडी उभ्या गाडीत लिटर प्रति तास दाखवते. एसी बंद: ०.७. एसी चालू: १.१. एसीचे हे ताशी ०.४ लिटर हायवेलाही साधारण तेवढेच. पण १०० ने जाताना गाडी ताशी पावणेसहा लिटर पिते, त्यात ०.४ म्हणजे सात टक्के. शहरात २१च्या सरासरीने ती ताशी १.९ लिटर पिते, त्यातले ०.४ म्हणजे वीस टक्क्यांच्या वर. म्हणून हायवेला एसी बंद करून काचा उघडण्यात काही हाती लागत नाही, उघड्या काचांचा विरोधच ते खाऊन टाकतो. शहरात मात्र सावलीत लावलेली गाडी, पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली तापलेली हवा बाहेर काढणं आणि मग रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत ठेवणं), एवढ्याने फरक पडतो.

थंड इंजिन हा दुसरा खड्डा. सिडकोतून निघाल्यावर पहिले दोन किलोमीटर ६च्या पुढे आकडा जात नाही. सतरा किलोमीटरच्या फेरीत तो भरून निघतो. दळण, भाजी, क्लास अशा तीन-तीन किलोमीटरच्या थंड फेऱ्यांचं अ‍ॅव्हरेज ६.८ आलं. या फेऱ्या एकत्र केल्या तर इंजिन गरम असतानाच पुढची होते. उभं ठेवून गरम करू नका. निघा आणि पहिले दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

२३ नोव्हेंबर: पाय आणि गिअर

एस (स्पोर्ट) मोडमध्ये आठवडाभर त्याच रस्त्याने: ९.३. नेहमीच्या डीमध्ये (ड्राइव्ह): ११.२. एसमध्ये गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो, सिग्नल ते सिग्नल रस्त्यावर त्याचा वेळेत काहीच फायदा नाही. सेव्हन हिलच्या पुलावर पुढे काढलेली रिक्षा क्रांती चौकात शेजारीच उभी असते.

डीमध्ये जे उपयोगी पडलं ते असं. सुटताना पेडल एक चतुर्थांशापर्यंत, पण घाबरत घाबरत नव्हे. फार हळू सुटलं की गाडी पहिल्या-दुसऱ्यात रेंगाळते आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा दुवा) घसरत राहतो, ते पेट्रोल उष्णतेत जातं. चाळीसला पोहोचून पाय किंचित उचलला की वरचा गिअर पडतो आणि कन्व्हर्टर लॉक होतो. पुढचा सिग्नल लाल दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा, न्यूट्रल करायचं नाही. गिअरमध्ये असताना इंजेक्शन पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच.

हेच कन्नडच्या औट्रम घाटात मोठ्या प्रमाणावर दिसतं. चाळीसगावकडे उतरताना मॅन्युअल मोडवर तिसरा गिअर लावला की पेट्रोल जवळपास शून्य, आणि ब्रेकही तापत नाहीत. परत चढताना सुमारे ३०० मीटरची उंची नुसती चढायलाच साधारण ०.४ लिटर जास्त जातं. ते टाळता येत नाही. घाटात टर्बोवर चढताना आकडा सहावर आला म्हणून घाबरायचं कारण नाही.

३० नोव्हेंबर: ज्यावर पैसे गेले आणि काही मिळालं नाही

एअर फिल्टर, ८५० रुपये. बदलायला झालाच होता, पण अ‍ॅव्हरेजमध्ये शून्य फरक. हल्लीच्या इंजिनात आत आलेली हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर थोडा तुंबला तर वरचा जोर कमी होतो, अ‍ॅव्हरेज नाही.

टाकीत ओतायची क्लीनरची बाटली, ६०० रुपये. दोन टाक्या पाहिल्या, काही नाही.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल, लिटरला १६०च्या आसपास. घाटाच्या चढावर जोरात चालवताना इग्निशन कमी मागे जातं हे ओबीडीवर दिसलं, आणि गाडी मोकळी वाटते हेही खरं. अ‍ॅव्हरेज तीन टक्क्यांनी वर, किंमत पन्नास टक्क्यांनी. आनंदासाठी भरायचं असेल तर भरा.

ई२०बद्दल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सगळे विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२०च्या लिटरात सहा-सात टक्के ऊर्जा कमी, ई१०च्या तुलनेत साधारण साडेतीन टक्के. २०२१च्या नोंदींशी आजचा आकडा ताडताना एवढी घट धरावी लागते. पण ११चे ९ झाले आणि कुणी सगळं खापर इथेनॉलवर फोडत असेल तर आधी ब्रेकच्या डिस्कला थर्मामीटर लावा.

डिकीतला सबवूफरचा खोका आणि हत्यारांची पेटी मिळून ३१ किलो काढून टाकले. शहरात थोडासा फरक असेल, मोजता आला नाही.

१४ डिसेंबर: सध्याची स्थिती

शहर, पंपाच्या हिशेबाने: १०.५वरून १२.०, सरासरी वेग २१ असताना. यात थोडा वाटा थंडीचा आहे, कारण सकाळी एसी लागत नाही. ऑक्टोबरसारखा एसी धरला तर ११.७च्या आसपास. हायवे १००ला: १५.७वरून १७.४. महिन्याला शहरात १,२०० किमी धरले तर सुमारे १४ लिटर, म्हणजे दीड हजार रुपये वाचतात.

खर्च: ब्रेकचं सामान ४,१५०, मोजायची साधनं ४,२००, अलाइनमेंट ६५०. साधनं पुढच्या गाडीलाही चालतील. एअर फिल्टर, बाटली आणि महागडं पेट्रोल यावर गेलेलं वेगळं.

मागच्या ड्रमचं समायोजन बाकी आहे. हँडब्रेक तीन खटक्यांतच घट्ट होतो, म्हणजे केबल जरा जास्त ओढलेली असू शकते. चाकं आत्ता मोकळी फिरतात, पण उन्हाळ्याआधी ड्रम उघडून, ऑरिकच्या रस्त्यावर पुन्हा सेकंद मोजायचे आहेत.